थाप

दिवेलागणीला सारिका बिराजदार दुधाचा पेला घेऊन लेकीच्या खोलीत गेली, तेव्हा शर्वरी पाठ ताठ करून बसली होती. टेबलावरची पाटी उजळलेली होती, पाटीवर भूमितीची आकृती, आणि तिच्यापुढं अकरा वर्षांची ही पोर. वाऱ्यात पणती धरावी तशी स्वतःला सांभाळून बसलेली.

सारिकानं पेला ठेवला आणि सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली.

"आई, नको ना!" शर्वरी झटकन पुढं सरकली. "मिसळतं."

"काय मिसळतं गं?"

"तुझा हात आणि तुझा हात."

बोलल्यावर शर्वरीला स्वतःलाच जरा हसू आलं. सारिकाला आलं नाही. हात हवेत राहिला, मग पदराला पुसून तिनं तो मागं घेतला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

शर्वरीच्या सदऱ्याआड राखाडी रंगाची एक बंडी होती आणि त्या बंडीत सारिकाचा हात होता. म्हणजे हाताचा ठसा. तळव्याची ऊब, बोटांचं वजन, थोपटण्याचा ठेका, सगळं जसंच्या तसं. कापडात विणलेले बारीक धागे विजेच्या इशाऱ्यानं स्नायूंसारखे आखडत, सैल होत, आणि पाठीला वाटायचं की आईच मागं उभी आहे. मनगटावरची पट्टी नाडी आणि श्वास मोजायची, पाटी नजर मोजायची. लेकरानं मन लावून काही केलं की बंडीतला हात पाठीवर थाप द्यायचा आणि त्याच क्षणी पाटीच्या कोपऱ्यात एक ओळ उमटायची. ‘सलग लक्ष दिल्याबद्दल.’ ‘स्वतःची चूक स्वतः शोधल्याबद्दल.’ ‘न कंटाळल्याबद्दल.’

बंडीचं नाव पाठराखीण. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी एखादी आत्या, एखादी मावशी धाडत, परक्या घरात पोरीला एकटं वाटू नये म्हणून. तिला पाठराखीण म्हणायचे. बंडी ज्यानं काढली त्याला हे नाव कुणी सुचवलं कोण जाणे, पण ज्यानं सुचवलं त्याला बायकांचं मन ठाऊक असावं.

"दूध पी. गार व्हायलंय."

"थाप आली की पिते."

"काल बी असंच म्हणलीस, अन् उपाशी झोपलीस."

"काल आलीच नाही," शर्वरी म्हणाली. आज भाजीत मीठ नाही, इतक्या साध्या आवाजात.

सारिका दारातून वळून बघत राहिली. पेल्यावर साय धरत होती.

*

लातुरात शिकायला बाहेरून पोरं येतात, हे जुनंच. गावोगावची लेकरं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायची, खोल्या करून राहायची, पुढं पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आल्या. सारिका आणि तिचा नवरा संगमेश यांची खानावळ त्या पोरांवरच चालायची. ताटं वाढता वाढता सारिकानं पुष्कळ पाहिलं होतं. निकालाच्या दिवशी न आलेली पोरं पाहिली होती. वरणात बोट घालून तसंच बसून राहिलेली पोरगी पाहिली होती. एका वर्षी तर ओळीनं अशा बातम्या आल्या की शहरानं काही दिवस एकमेकांच्या डोळ्यांत बघणं सोडलं. मग वरून नियम आला. शिकवणीत येणाऱ्या प्रत्येक लेकराला आपण मोलाचे आहोत असं वाटलं पाहिजे आणि त्याची जबाबदारी शिकवणीची. या वाटण्याला जाणकारांनी शब्द काढला, मूल्यभाव. तो मोजता येतो असं ठरलं. आणि जे मोजता येतं ते वाढवायला यंत्र आलंच.

खोटं कशाला बोला, पाठराखिणीनं गुणही दिला. शर्वरी आधी चाचणीच्या सकाळी ओकायची. नखं कुरतडून बोटं लाल करायची. बंडी आली आणि ओकणं थांबलं, नखं वाढली, गेल्या नागपंचमीला पोरीनं त्यांना मेंदी लावली. ‘उन्नती’ शिकवणीत तिचं नाव वरच्या दहांत आलं तेव्हा संगमेशनं गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "थाप आईची हाय बरं का, गुण बापाचे!"

त्या थापेचं मात्र एक होतं, आणि ते सारिकाला एकटीलाच माहीत होतं.

हाताचे ठसे घ्यायला शिकवणीच्या मोठ्या दालनात आयांची रांग लावली होती. टेबलावर पाठीच्या आकाराची एक मऊ गादी, तिच्यात दाब मोजणारे मणी. यंत्राशेजारी पुण्याहून आलेला एक तरुण. भला पोरगा होता, पण दिवसभर तेच तेच सांगून त्याची जीभ जड झाली होती. सारिकाची पाळी आली. "ताई, डोळे मिटा आणि थापा," तो म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, थोपटा.

सारिकानं डोळे मिटले. त्याच आठवड्यात खानावळीत भाकरीचं यंत्र आलं होतं. त्याआधीची सगळी वर्षं, सकाळ-संध्याकाळ, तिच्या हातांनी एकच काम केलं होतं. समोर रिकामी गादी, मागं ताटकळलेली रांग, आणि कानात शब्द पडला, ‘थापा’. हात निघाला तो आपल्या वाटेनं निघाला. दोन हलक्या थापा, तिसरी जरा दाबून कडेनं सरकवलेली. थप्, थप्, सर्र. थप्, थप्, सर्र. भाकरी हाताखाली फिरते तशी ती गादी फिरेना, तेव्हा सारिका भानावर आली आणि कानापर्यंत लाल झाली.

"माय! थांबा जरा, दादा, परत देते."

"छे छे, ताई! कशाला?" तो पडद्याकडं बघून हरखला होता. "इतका एकसारखा ठेका आज कुणाचा आला नाही. बाकीच्यांचे हात रडतात, थरथरतात. तुमचा म्हणजे... किती माया आहे तुमच्या हातात!"

मागची बाई खाकरली. सारिका बाजूला झाली. थाप पचली म्हणतात, तशी पचली. त्या रात्री पहिल्यांदा बंडी घालून शर्वरी पळत आली, "आई, तूच आहेस गं, अगदी तूच!" म्हणाली, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. चांगलं चाललेलं कोण मोडतं?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका ‘उन्नती’त केतकी मॅडमना भेटायला गेली. मॅडम लेकरांच्या मूल्यभावाचं बघायच्या. बाई प्रेमळ होत्या. चहा त्यांनी स्वतः उठून दिला.

"शर्वरीचं मी बघतेच आहे," त्या पडद्यावरची रेघ दाखवत म्हणाल्या. "पोर छान आहे. दिवाळीनंतर आपण तिचा उंबरठा थोडा वर घेतलाय, इतकंच."

"कसला उंबरठा?"

"किती मन लावलं की थाप द्यायची, त्याला आम्ही उंबरठा म्हणतो. निवड चाचणी जवळ आली ना. सारखी थाप मिळाली की तिची सवय होते, मेंदू तिच्याकडं लक्षच देत नाही. म्हणून वाढवत न्यावा लागतो. थाप कमी केलेली नाही, ताई. मोलाची केलीय."

सारिका म्हणाली, "उंबरठा असा वर वर नेला, मॅडम, तर लेकरू घरात येणार कसं?"

केतकी मॅडमनी पडद्यावरची रेघ बोटानं मोठी केली.

"जेवत नाही वो ती. थाप आली तर जेवते म्हणते. आता येतच नाही."

"तो नियम आमचा नाही, ताई."

"मग कुणाचा?"

"तिचाच. तिनं स्वतःला लावून घेतलाय." मॅडमचा आवाज खाली आला. "पुष्कळ मुलं लावून घेतात. कुणी आंघोळ करत नाही, कुणी मैत्रिणीशी बोलत नाही. आमच्या अहवालात त्याला स्वयंशिस्त म्हणतात."

"एक थाप द्या की मग तिला. तुमच्याकडं कळ असंल कुठंतरी. आजच्यापुरती द्या. लेकरू जेवंल तरी."

"विनाकारण?" केतकी मॅडमना खरंच धक्का बसला. "विनाकारण दिलेली थाप खोटी असते, ताई. मुलांना कळतं ते. एकदा कळलं की मग खऱ्या थापेवरचाही विश्वास जातो."

सारिकानं कप तसाच बाजूला सरकवला. उठता उठता तिनं विचारलं, "तुम्हाला लेकरू हाय का, मॅडम?"

"मुलगा आहे. सातवीत."

"त्याला बी हीच बंडी?"

"हो." मॅडमनी पडदा मिटवला. "घरी मी त्याच्या पाठीला हात लावत नाही. ठसा बिघडतो ना."

परतीच्या वाटेवर सारिकाच्या मनात एकच शब्द घोळत होता. विनाकारण. लहानपणी असं किती काय काय विनाकारण मिळायचं. शेजारच्या बाईनं हातावर ठेवलेला गुळाचा खडा. जाता जाता कुणी ओढलेली वेणी. काय केलं म्हणून ते मिळालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर सगळे हसले असते.

*

त्या संध्याकाळी भाकरीचं यंत्र बंद पडलं.

घराच्या पुढच्या भागातल्या खानावळीत पोरं येऊन बसलेली. सगळ्यांच्या अंगात बंड्या. म्हणून भिंतीला टेकून कुणीच बसत नसे; बंडी दाबली गेली तर थाप नीट लागत नाही. ताठ पाठींची ती रांग बघून नव्या माणसाला वाटायचं, इथं कसलीतरी प्रार्थना चाललीय. मधूनच कुणाचे तरी खांदे सैल पडायचे. थाप आली. दिवसभराचा हिशोब बघून कधी कधी ती अशी उशिरानंही यायची. आणि मग आजूबाजूची पोरं घास तसाच धरून त्याच्याकडं बघायची.

"मान टाकली यंत्रानं," संगमेश आतून ओरडला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत यंत्राच्या पोटात होते. "दाबायची तबकडीच अडकलीय."

"काकू, आज एकादशी हाय का?" बाहेरून एक पोरगी ओरडली आणि हशा पिकला.

"एकादशी तुझ्या सासूची! बस गप, आलेच."

सारिकानं माळ्यावरची परात काढली. धुळीचा थर पुसला, परात धुतली. आधण ठेवलं. ज्वारीच्या पिठात खळगा करून उकळतं पाणी ओतलं, चमच्यानं हलवलं, आणि सोसेल तसं मळायला घेतलं. पिठाचा तो वास कितीतरी दिवसांनी नाकात गेला. हात आधी बिचकले. पहिली भाकरी कडेला चिरली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी परातीत फिरली. पाठोपाठ चौथी, आणि मग हातांना सगळं आठवलं.

थप्, थप्, सर्र. थप्, थप्, सर्र.

हातांना आठवलं तसं ओठांनाही आठवलं. तिची आई चुलीपुढं बसून गुणगुणायची ती ओवी आपसूक बाहेर आली.

थापिते मी भाकर, चांद फिरे परातीत
कोण आलं पुसू नये, भूक आली उंबऱ्यात

"आई."

स्वयंपाकघराच्या दारात शर्वरी उभी होती. अभ्यास सोडून उठलेली. या वेळेला ती कधी उठत नसे.

"काय गं? दमलीस? बस, आत्ता गरम गरम..."

"थांबू नकोस. थाप."

सारिकाला समजलं नाही. तिनं हातातली भाकरी पुरी करायला घेतली. तेव्हा शर्वरी वळली. पाठ आईकडं केली, डोळे मिटले, आणि चौकटीला धरून उभी राहिली. कानांनी ऐकायचं ते पाठीनं ऐकत असल्यासारखी.

थप्, थप्, सर्र.

"हीच आहे," ती म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "शेवटची जराशी सरकते. मला वाटायचं, तू मला जवळ ओढायलीस."

सारिकाचा हात परातीत थांबला.

"आई, तो ठसा दिलास तेव्हा तू काय करत होतीस?"

आता एक छोटीशी थाप मारली असती तर निभावून गेलं असतं. तुलाच थोपटत होते, बाळा, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण समोर ती पाठ होती, आणि त्या पाठीवर इतके दिवस एक थाप बसत आलेली होती. तिच्यावर आणखी एक मारायला सारिकाचं मन धजेना.

"भाकरी थापायले होते," ती म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं. रांग, गादी, डोळे मिटणं, तो पुण्याचा पोरगा, ‘थापा’ म्हणाला ते. सांगताना तिलाच मधे हसू फुटलं, आणि फुटलं तसं विझलं, कारण शर्वरी वळली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"म्हणजे मी भाकरी."

"अगं..."

"थापायची, गोल झाली का बघायची. अजून थापायची. मग तव्यावर टाकायची."

"आता बघा!" संगमेश यंत्रामागून कसंनुसं हसत म्हणाला. "अगं, भाकरी म्हणजे लक्ष्मी असती, येडे. आईनं तुला लक्ष्मी..."

"बाबा, थांबा." तिनं बापाकडं पाहिलंही नाही. "मी चूक शोधली की तू खूश व्हायचीस, असं वाटायचं मला. कंटाळा आला तरी बसायचे, की आता आई हात फिरवंल. तू नव्हतीसच. थापच होती की मग ती. नुसती थाप."

"तू तान्ही होतीस ना, शरू, तेव्हा इथंच झोळीत असायचीस. याच आवाजावर झोपायचीस. मी भाकरी थांबवली की जागी व्हायचीस."

"ते मला आठवत नाही," शर्वरी म्हणाली.

खरंच होतं. तिला कसं आठवणार? आणि जे आठवत नाही त्याच्यावर कुणी किती दिवस जगायचं?

ती आत गेली. सदऱ्याची बटणं निघाल्याचा आवाज आला, बंडी खुंटीवर लटकल्याचा आवाज आला. सारिकाला वाटलं, आता रडंल. रडली असती तर बरं झालं असतं. पण शर्वरी नुसत्या सदऱ्यात परत आली, चुलीच्या बाजूला जमिनीवर बसली, आणि हळूच, थंड पाण्यात पाय घालावा तशी, पाठ मागं नेऊन भिंतीला टेकली. भिंत सापडल्यावर तिनं एक श्वास सोडला. मनगटावरची पट्टी काढायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

सारिकानं उरलेल्या भाकरी थापल्या. संगमेशनं बाहेर वाढल्या. पोरं बोटं चाटत होती, "काकू, यंत्र बिघडूच द्या रोज!" म्हणत होती.

मग सारिकानं तव्यावरून उतरलेली एक फुगलेली भाकरी ताटात घेतली, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार घातली, आणि ताट लेकीपुढं ठेवलं. शर्वरीनं ताटाला हात लावला नाही.

"आज मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "आकृती पण अर्धी राहिली."

"भूक लागलीय का?"

शर्वरी विचारात पडली. हा प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. ‘जेव’ म्हणत, ‘जेवली नाहीस’ म्हणत. पोटात खरंच काय आहे ते बघायला ती जणू आत गेली आणि बाहेर आली.

"लागलीय."

"मग झालं की."

तिनं तुकडा मोडला. वाफ बाहेर आली. पहिला घास नुसता तोंडात धरला, दुसरा चावला. तिसऱ्याला तिला ठसका लागला. सारिकानं तव्यावर टाकलेली शेवटची भाकरी तशीच सोडली, तिच्याजवळ बसली, आणि पिठानं माखलेला हात तिच्या पाठीवर ठेवला.

शर्वरी पुढं सरकली नाही. पण आखडली. सारिकाचा हात चालू लागला, आणि त्याला ठेका ठाऊक होता तो एकच. थप्, थप्, सर्र. सदऱ्यावर पिठाचे पांढरे ठसे उमटत गेले. शर्वरीची नजर उठली आणि समोरच्या भिंतीवर वर उजव्या कोपऱ्यात गेली. पाटीवर ओळ उमटायची तिथं. भिंतीवर फोडणीचे जुने डाग होते.

"कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल नाही."

"असं नसतं."

"विनाकारण, माय."

"विनाकारण थाप खोटी असते. मॅडम म्हणतात."

सारिका शिकवणीतल्या बाईइतकी बोलणारी नव्हती. तिनं हात चालू ठेवला. हळूहळू हाताखालचा ताठपणा उकलला, मळताना पीठ उकलतं तसा. पोरीचा श्वास पोटापर्यंत जाऊ लागला. मान थोडी कलली. तिनं आणखी एक तुकडा मोडला आणि चटणीला लावला. सारं ध्यान त्या तुकड्यात.

मनगटावरच्या पट्टीनं ते सगळं मोजलं. श्वास संथ, नाडी शांत, मन एका जागी. दिवाळीपासून वर वर गेलेला तो उंबरठा पोरीनं भाकरी खाता खाता ओलांडला.

आतल्या खोलीत आवाज झाला.

थप्, थप्, सर्र.

खुंटीवरची रिकामी बंडी भिंतीला थोपटत होती. अंधारात पाटी उजळली. दारातून तिचा उजेड दिसत होता, कोपऱ्यातली ओळ दिसत होती, पण इथून ती वाचता येत नव्हती. बाहेरची पोरं घास धरून वळून बघायला लागली. आली, शर्वरीला आली.

शर्वरीचं अंग पुन्हा ताठ झालं. किती दिवसांनी आली होती! घास ताटात पडला. ती अर्धी उठली, एक गुडघा जमिनीवर, एक हात भिंतीला. एकच ठेका आतून येत होता आणि तोच पाठीवर पडत होता, आणि दोन्हींच्या मधे ती होती.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. वास सुटला. "अगं, तवा..." म्हणून संगमेश पुढं झाला आणि बायकोकडं बघून जागीच थांबला. सारिकानं हात उचलला नाही. धरून ठेवायला दाबलाही नाही.

"जायचं तर जाऊन ये," ती म्हणाली.

शर्वरी गेली नाही, बसलीही नाही. आतल्या उजेडाकडं बघत, मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, मी तिकडं गेले, तरी तुझा हात इथंच असंल?"